टू-व्हीलरचं लर्निंग: परीक्षेचा अभ्यास आणि पैशांचा हिशेब

दुचाकीच्या लर्निंग लायसन्ससाठी सरकार घेतं ते दोनशे रुपये. त्यातले दीडशे शिकाऊ परवान्याचे आणि पन्नास परीक्षेचे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ३२ व्या नियमात हे दर दिलेले आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये ते वाढले, त्याआधी ते याहून बरेच कमी होते. वर राज्याचं किरकोळ सेवाशुल्क लागतं, पण ते जेमतेम काही रुपयांचं असतं. तरीही कुठल्याही आरटीओच्या फाटकाबाहेर थोडा वेळ उभं राहा, याच कामाचे आकडे हजारांत ऐकू येतात.

हा फरक लोक का भरतात? फॉर्म किचकट वाटतो हे एक कारण. पण मोठं कारण परीक्षेची धास्ती हे आहे. "प्रश्न काय येतील कुणास ठाऊक, त्यापेक्षा करून घ्या कुणाकडून तरी," असं घरातली मोठी माणसंच सांगतात. मला हे मनापासून खटकतं. कारण ही परीक्षा दोन-तीन संध्याकाळच्या अभ्यासात सहज सुटते, आणि आपल्याकडे रस्त्याचे नियम नीट बसून वाचायची वेळ माणसावर आयुष्यात बहुधा एकदाच येते. तीच वेळ दुसऱ्याला पैसे देऊन टाळली, तर लाल दिवा लुकलुकत असेल तेव्हा काय करायचं, हे पुढे कुणीच शिकवणार नसतं.

आधी वर्ग ठरवा

अर्जात दुचाकीचे दोन मुख्य वर्ग दिसतात. एमसीडब्ल्यूजी म्हणजे गिअरची मोटारसायकल आणि एमसीडब्ल्यूओजी म्हणजे विनागिअर, आपली स्कूटर. घरात स्कूटरच आहे म्हणून पुष्कळ जण, विशेषतः मुली, विनागिअरवर टिक करतात आणि दोन-तीन वर्षांनी गिअरची गाडी घ्यायची वेळ आली की पुन्हा लर्निंग, पुन्हा चाचणी, पुन्हा फी. गिअरचं लायसन्स असलं की स्कूटरही चालवता येते. उलट चालत नाही. दोन्हींची फी सारखीच आहे. म्हणून पुढे कधी बाइक चालवण्याची शक्यता असेल, तर सुरुवातीलाच गिअरचा वर्ग घ्या. पक्क्या लायसन्सच्या चाचणीला मात्र मग गिअरचीच गाडी न्यावी लागेल. कारही शिकायची असेल तर एलएमव्ही त्याच अर्जात जोडा. दीडशे रुपये वाढतात, परीक्षा एकच राहते, म्हणजे दोन वर्गांचे मिळून साडेतीनशे.

ज्यांच्याकडे आधीच कुठल्यातरी वर्गाचं चालू लायसन्स आहे त्यांना दुसरा वर्ग जोडताना ही परीक्षा द्यावीच लागत नाही. ११ व्या नियमात ही सूट स्पष्ट आहे. कारचं लायसन्स असलेल्या माणसाला बाइकच्या "परीक्षेचे वेगळे" म्हणून कुणी पैसे मागितले, तर ते देऊ नका.

वयाबद्दल मात्र घरोघरी गैरसमज आहे. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हे खरं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं आणि पालकांच्या संमतीने. आज शोरूममध्ये दिसणाऱ्या अॅक्टिव्हा, ज्युपिटरसारख्या स्कूटर ११० सीसीच्या आसपासच्या आहेत. अकरावीतल्या मुलाला क्लासला जायला ती गाडी दिली, तर तो विनापरवानाच चालवतोय. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ज्यांना मधली दोन वर्षंच भागवायची आहेत त्यांनी ताशी २५ किलोमीटरच्या आतली, अडीचशे वॉटपर्यंतची कमी वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर बघावी. तिला लायसन्स लागत नाही.

एकूण किती लागतील

लर्निंगचे दोनशे झाले. पुढे पक्क्या लायसन्सच्या वेळी चाचणीचे ३००, लायसन्सचे २०० आणि स्मार्ट कार्डाचे २०० असे सातशे लागतात. दोन वर्ग असतील तर चाचणीचे आणखी ३००. यात टपालखर्च आणि सेवाशुल्क मिळवलं, तर फक्त बाइकचं लायसन्स पहिल्या अर्जापासून कार्ड घरी येईपर्यंत साधारण हजार रुपयांच्या आत बसतं. भरायचा नेमका आकडा सरकारचं सारथी पोर्टल पैसे भरण्याच्या पानावर एकेक बाब तोडून दाखवतं. त्या पानाची पावती जपून ठेवा. सायबर कॅफेत किंवा महा ई-सेवा केंद्रात अर्ज भरून घेतला, तरी ती पावती मागून घ्या आणि तिच्यावरची रक्कम वेगळी, केंद्रचालकाची मजुरी वेगळी, असा हिशेब करा. अर्ज भरून देण्याची मजुरी घेण्यात काही गैर नाही. दोन्ही रकमा एकत्र करून "सरकारी फी एवढीच आहे" असं सांगणं गैर आहे.

याखेरीज काही खर्च आधी लक्षात येत नाहीत. आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसेल तर घरून परीक्षा देता येत नाही, आणि तो जोडायला आधार केंद्रात ७५ रुपये लागतात. चाळिशी ओलांडली असेल तर नमुना १-अ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, म्हणजे डॉक्टरांची फी आली. चाळिशीच्या आतल्यांना फक्त स्वतःच्या प्रकृतीचं घोषणापत्र भरायचं असतं. त्यात चष्म्याचा नंबर, फिटस् वगैरे प्रश्न असतात, त्यांची उत्तरं खरी लिहा.

मोटर ड्रायव्हिंग स्कूलचे पैसे सक्तीचे नाहीत. खासगी दुचाकीसाठी कोणत्याही शाळेचं प्रमाणपत्र लागत नाही. ज्यांना सायकलही येत नाही, किंवा घरात शिकवायला वेळ असलेलं कुणी नाही, त्यांनी शाळा लावावी आणि तिथे दोन गोष्टी आधी विचाराव्यात: गाडी शाळेची की आपली, आणि सांगितलेल्या रकमेत लायसन्सची सरकारी फी धरली आहे की नाही. पुढची निम्मी भांडणं याच दोन प्रश्नांवरून होतात.

हेल्मेट मात्र खर्चात धराच. आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघून घ्या. रस्त्याकडेला टांगलेली दोन-तीनशेची टोपी विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. नवीन गाडी घेत असाल तर विक्रीच्या वेळी मानक हेल्मेट देण्याची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे, १३८ व्या नियमात तसं लिहिलेलं आहे. डीलर "अॅक्सेसरीज"च्या यादीत हेल्मेटची वेगळी किंमत लावत असेल तर हा नियम त्याच्यापुढे ठेवा.

घरून की आरटीओत

महाराष्ट्रात जून २०२१ पासून लर्निंगची परीक्षा घरून देता येते. सारथीवर आधारने ओळख पटवली की नाव, जन्मतारीख, पत्ता आपोआप येतो, कागदपत्रं घेऊन जावं लागत नाही. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघावा लागतो, मग परीक्षा. पास झालात की परवान्याची पीडीएफ लगेच उतरवून घेता येते.

त्यासाठी कॅमेरा असलेला लॅपटॉप किंवा संगणक आणि टिकाऊ नेट लागतं. चेहऱ्यावर उजेड समोरून पडेल असं बसा. मागे खिडकी असेल तर चेहरा काळा दिसतो आणि ओळख जुळत नाही. खोलीत दुसरं कुणी नको. उत्तर सांगायला भाऊ शेजारी वाकला आणि कॅमेऱ्यात दोन चेहरे आले, की अडचण होते. गावाकडे संध्याकाळी वीज आणि नेट दोन्ही डळमळतात, तेव्हा सकाळची वेळ बरी.

ज्यांना आधार वापरायचा नाही किंवा घरी संगणक नाही, त्यांनी स्लॉट घेऊन आरटीओत जावं. तिथे वयाचा आणि पत्त्याचा पुरावा मूळ प्रतींसह लागतो. तालुक्याच्या गावांत आरटीओचे ठरलेल्या तारखांना कॅम्प होतात. जिल्ह्याच्या ठिकाणी दिवस घालवण्यापेक्षा आपल्या तालुक्याच्या कॅम्पची तारीख आधी बघा. एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं हासुद्धा खर्चच आहे, आणि शेतावर किंवा दुकानात काम करणाऱ्याला तो सरकारी फीपेक्षा जास्त पडतो.

परीक्षा मराठीत देता येते. अर्ज भरताना भाषेचा पर्याय नीट निवडा. इंग्रजी माध्यमातली मुलंसुद्धा मराठीच बरी म्हणून मराठी निवडतात आणि मग "अग्रक्रम", "समपातळी रेल्वे फाटक", "अनिवार्य चिन्ह" असल्या शब्दांना अडखळतात. ज्या भाषेत सराव केला त्याच भाषेत परीक्षा द्या.

अभ्यास कशाचा

पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर आले की पास. नियमात ६० टक्क्यांची अट आहे. प्रत्येक प्रश्नाला पर्याय दिलेले असतात आणि घड्याळ चालू असतं, त्यामुळे विचार करत बसायला वेळ मिळत नाही. उत्तर आधीच डोक्यात असावं लागतं. नापास झालात तर पुन्हा ५० रुपये भरून परत बसता येतं, त्यामुळे धास्तावायचं कारण नाही.

सरावासाठी पैसे खर्च करू नका. सारथीवर लर्निंगच्या विभागातच सराव परीक्षा मोफत आहे. आरटीओबाहेर विकली जाणारी पातळ पुस्तकं चालतील, पण त्यांत जुनी माहिती पुष्कळ राहिलेली असते. रस्त्यावरच्या वागणुकीचे १९८९ चे नियम जाऊन २०१७ चे मोटार वाहन (चालन) विनियम आलेत, दंडाच्या रकमा २०१९ मध्ये बदलल्या. पुस्तकात विनालायसन्स गाडी चालवण्याचा दंड पाचशे रुपये छापला असेल, तर ते पुस्तक टाकून द्या. तो आता पाच हजार आहे.

११ व्या नियमाने परीक्षेचे विषय ठरवून दिलेत: चिन्हं, सिग्नल आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्यं, रखवालदार नसलेलं रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी, आणि गाडीसोबत बाळगायची कागदपत्रं. यातल्या शेवटच्या तिन्ही विषयांचा अभ्यास अर्ध्या तासाचा आहे, तर आधी तोच उरकून घ्या.

कागदपत्रं चार: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असलेली चालतात. अपघात झाला तर जखमीला उपचार मिळतील असं बघायचं, जवळच्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात न्यायचं आणि पोलिसांना कळवायचं, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत. जमाव अंगावर येत असेल तर जखमीला नेण्याच्या बाबतीत कायद्याने सवलत ठेवली आहे, पण पोलिसांना कळवण्याच्या बाबतीत नाही. पर्यायांत "तिथून निघून जाणे" किंवा "आधी घरी फोन करणे" असं काही दिसेल, तिकडे बघूही नका. फाटकाचं उत्तर असं: गाडी थांबवायची, सोबत कुणी असेल तर त्याला पुढे पाठवून दोन्ही बाजू बघायला सांगायचं, एकटे असाल तर स्वतः उतरून बघायचं. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं २०१९ च्या सुरुवातीला बंद झाली, म्हणून हा प्रश्न जुना झालाय असं कुणी सांगेल. कायद्याचं १३१ वं कलम जागेवर आहे आणि प्रश्नही येतो.

खरा वेळ चिन्हांना द्या. सगळी चिन्हं पाठ करायला गेलात तर गोंधळ होईल. आधी आकार ओळखायला शिका. लाल कडेचा गोल काहीतरी मनाई करतो. निळा गोल सक्ती सांगतो. लाल कडेचा त्रिकोण पुढच्या धोक्याची सूचना देतो. आयताकृती पाटी माहिती देते. आकारावरूनच चारातले दोन पर्याय बाद होतात. अष्टकोनी "थांबा" आणि टोक खाली केलेला "वाट द्या"चा त्रिकोण हे दोघे मुद्दाम वेगळ्या आकाराचे आहेत, म्हणजे धुळीने किंवा पोस्टरने झाकले तरी ओळखू यावेत.

मग उरतात त्या जोड्या, आणि परीक्षेत चुका इथेच होतात. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ असेल तर पार्किंगला मनाई आहे. दोन रेघांची फुली असेल तर तिथे क्षणभर थांबायलाही मनाई आहे. मित्राला उतरवून लगेच निघणार असाल तर पहिल्या पाटीखाली चालेल, दुसऱ्या पाटीखाली नाही. फाटकाचं चित्र असलेला त्रिकोण म्हणजे रखवालदार असलेलं रेल्वे फाटक, आणि वाफेच्या इंजिनाचं चित्र म्हणजे रखवालदार नसलेलं. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला उलटं वाटतं. मुख्य म्हणजे इंजिन दिसलं की फाटक नाही, एवढं लक्षात ठेवा. लाल गोलात आडवी पांढरी पट्टी असेल तर प्रवेश बंद, समोरून गाड्या येऊ शकतात. लाल कडेचा नुसता रिकामा पांढरा गोल असेल तर दोन्ही दिशांनी वाहनबंदी. निळ्या गोलातला भोंगा म्हणजे हॉर्न वाजवणं सक्तीचं, घाटातल्या आंधळ्या वळणावर असतो तसा. लाल कडेच्या गोलात रेघ मारलेला भोंगा म्हणजे वाजवायचा नाही.

सिग्नलमध्ये लोक हमखास चुकतात ते लुकलुकणाऱ्या दिव्यांवर. लुकलुकणारा लाल म्हणजे पूर्ण थांबायचं, बघायचं, मग जायचं. लुकलुकणारा पिवळा म्हणजे वेग कमी करून जपून जायचं. रात्री अकरानंतर आपल्या शहरांत बहुतेक सिग्नल लुकलुकत असतात आणि दोन्हींचा अर्थ "आता मोकळं आहे" असा घेतला जातो. स्थिर पिवळा लागला की वेग वाढवायचा, हे रस्त्यावर रोज दिसतं. परीक्षेत त्याचं उत्तर "थांबण्याची तयारी" हेच आहे, फक्त रेषेच्या इतक्या जवळ असाल की थांबणंच धोक्याचं होईल तेव्हाच पुढे जायचं.

वाट कुणी कुणाला द्यायची, हा दुसरा मोठा गट. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट. गोल चौकात आधीच आत असलेल्याला वाट. झेब्रावर पायी माणसाला वाट. अॅम्ब्युलन्स आणि अग्निशमन बंबाला सगळ्यांची वाट. आणि अरुंद घाटात चढणाऱ्याला वाट. हा घाटाचा प्रश्न पुष्कळांचा चुकतो, कारण मनात येतं की उतरणाऱ्याला ब्रेक आवरत नाही, तर त्याला आधी जाऊ द्यावं. पण वरंधा किंवा ताम्हिणीत पावसाळ्यात समोरासमोर आल्याचं डोळ्यांपुढे आणा. चढावर लादलेली गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलताना ती मागे सरकते, क्लच जळतो, मागे उभ्या असलेल्या बाइकवर येते. उतरणारा थांबला तर त्याला नुसता ब्रेक धरून ठेवायचा आहे. म्हणून उतरणाऱ्याने थांबायचं. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवण्याची सवय आपल्याकडे आहे, तीही परीक्षेत विचारतात. उत्तर: खालच्या गिअरमध्ये उतरायचं, इंजिनाने वेग धरायचा.

पांढरी काठी हातात घेतलेला अंध माणूस रस्ता ओलांडत असेल, तर ती काठी हीच थांबण्याची खूण मानायची. हा प्रश्न अगदी सोपा आहे, पण उत्तराच्या पर्यायांत "हॉर्न वाजवून सावध करणे" असं असतं आणि घाईत बोट तिथे जातं. रस्त्यावर आपण रोज काय करतो ते उत्तर देताना मनात आलं, की चूक होते. पुढच्याला डावीकडून ओव्हरटेक, अरुंद पुलावर ओव्हरटेक, एकेरी रस्त्यावर थोडं उलटं येणं, दवाखान्यासमोर हॉर्न, ट्रिपल सीट, कानाला मोबाइल. या सगळ्याचं उत्तर नाही. दुचाकीवर मागे एकच माणूस, आणि चार वर्षांवरच्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला परवानगी नाही. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की तो गुन्हा.

अभ्यासाचा सगळ्यात चांगला मार्ग फुकट आहे: दोन दिवस घरातल्या कुणाच्या तरी मागे बसून शहरातून फिरा आणि दिसलेली प्रत्येक पाटी मोठ्याने सांगा. "ताई, ती काय होती?" असं विचारल्यावर गाडी चालवणाऱ्या ताईलाही निम्म्या पाट्या सांगता येणार नाहीत. तिचीही उजळणी होऊ द्या.

"फक्त ओटीपी सांगा"

घरबसल्या परीक्षा सुरू झाल्यावर एजंटांचं काम संपेल असं वाटलं होतं. ते बदललं, संपलं नाही. "दादा, तुम्ही फक्त आधार नंबर आणि ओटीपी सांगा, बाकीचं आम्ही बघतो. परीक्षा वगैरे काही नाही." याचा अर्थ, तुमच्या आधारवर दुसरं कुणीतरी परीक्षा देणार. फसवणुकीने मिळवलेलं लायसन्स रद्द करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या १९ व्या कलमाने प्राधिकाऱ्याला आहे, आणि गेलेले पैसे कुणी परत देत नाही. आधारचा ओटीपी परक्या माणसाला देणं हा धोका तर वेगळाच, त्याची किंमत लायसन्सपुरती राहत नाही.

दुसरी फसवणूक मोबाइलवर येते. "आरटीओ चलन" किंवा "एमपरिवहन" नावाची एपीके फाइल व्हॉट्सअॅपवर कुणी पाठवली तर उघडू नका. सरकारी अॅप अधिकृत अॅप स्टोअरवरूनच घ्या. शोधयंत्रात "लर्निंग लायसन्स" टाकलं की हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी पानं वर येतात, तिथे फॉर्म भरला तर पैसेही जातात आणि आधारची माहितीही. पत्त्याच्या शेवटी "परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन" आहे का, ते पैसे भरण्याआधी वाचा.

पास झाल्यावर

लर्निंग सहा महिने चालतं आणि भारतभर चालतं. नांदेडच्या मुलाने नांदेडच्या पत्त्यावर काढलेलं लर्निंग पुण्यात शिकताना चालेल. पांढऱ्यावर लाल "एल" पुढे आणि मागे दोन्हीकडे हवा: पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. स्टिकर काही रुपयांना मिळतो, जाड कागदावर रंगवलात तरी चालतो. मागे बसवायचं तर पक्कं लायसन्स असलेल्या, शिकवणाऱ्या माणसालाच. मैत्रिणीला मागे घेऊन कॉलेजला जाता येणार नाही.

एल लावायचा कंटाळा करणाऱ्यांनी विम्याची पॉलिसी काढून चालकाचं कलम वाचावं. शिकाऊ परवानाधारक गाडी चालवू शकतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या तिसऱ्या नियमाचं पालन करत असेल तरच, असं त्यात असतं. एल आणि मागे बसणाऱ्याची अट याच तिसऱ्या नियमात आहेत. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस फोटोत तेच बघतो.

तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. मोठ्या शहरांत स्लॉट आठवड्या-आठवड्यांनी पुढचे मिळतात, म्हणून तीस दिवस भरायची वाट न बघता आधीच सारथीवर तारखा बघायला लागा. सहा महिने उलटले तर नव्याने अर्ज आणि नव्याने फी. चाचणीला गाडी आपली न्यायची, तिची आरसी, विमा आणि पीयूसी चालू हवी. पीयूसी संपलेली निघाली म्हणून दारातून परत गेलेले पुष्कळ असतात. आठचा आकडा काढताना पाय टेकवायचा नाही. मोकळ्या मैदानावर दोन टायर ठेवून त्याचा सराव करा, अर्ध्या क्लचवर, मागच्या ब्रेकने वेग धरून. नापास झालात तर आठवड्याने पुन्हा येता येतं, ३०० रुपये पुन्हा लागतात. तीनदा नापास झालात तर साठ दिवस थांबावं लागतं.

तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं, तिशी ते पन्नाशीत काढलेलं दहा वर्षं. कार्ड स्पीड पोस्टाने अर्जातल्या पत्त्यावर येतं. भाड्याच्या खोलीत राहत असाल आणि आधारवर गावचा पत्ता असेल, तर ते गावीच जाणार, घरच्यांना सांगून ठेवा. पाकीट हाती पडलं की नाव, जन्मतारीख आणि वर्गाच्या रकान्यात एमसीडब्ल्यूजी छापलंय ना, हे त्याच दिवशी बघा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्जही त्याच सारथीवर करता येतो.